स्वस्तिकाचं वय आणि आपलं पाठांतर

मागच्या खंडेनवमीला ऑफिसात आम्ही लॅपटॉप मांडले, झेंडूची फुलं वाहिली, आणि मी माझ्या लॅपटॉपच्या झाकणावर कुंकवाचं बोटभर स्वस्तिक काढलं. फोटो टीमच्या चॅटवर टाकला. आमची अर्धी टीम जर्मनीत बसते. तासाभरानं तिथल्या एका सहकारी मुलीचा खासगी मेसेज आला. भाषा अगदी नम्र होती. दुपारच्या कॉलमध्ये लॅपटॉप कॅमेऱ्यासमोर येणार असेल तर ते पुसता येईल का, आणि हे तुमच्याकडे नेमकं काय असतं, असं तिनं विचारलं होतं.

मी ते पुसलं, आणि वर तिला एक उत्तर पाठवलं. हे उत्तर तुम्हीही कधी ना कधी पाठवलं असेल, निदान फॉरवर्ड तरी केलं असेल. हे चिन्ह बारा हजार वर्षं जुनं आहे. युक्रेनपासून अमेरिकेतल्या आदिवासींपर्यंत जगभर ते शुभच मानलं जायचं. नाझींनी ते आमच्याकडून चोरलं, उलटं केलं आणि तिरपं केलं. शिवाय हिटलरनं त्याला कधी स्वस्तिक म्हटलंच नाही. तो ‘हाकेनक्रॉइत्स’, म्हणजे एक ख्रिस्ती क्रूस होता. तिनं ‘धन्यवाद, हे ठाऊक नव्हतं’ असं कळवलं. विषय संपला.

मला मात्र चुटपुट लागून राहिली. दुसऱ्याच्या कोडमध्ये एक ओळ तपासल्याशिवाय मी पुढे जाऊ देत नाही, आणि इथे एकही न तपासलेली पाच विधानं एका परक्या माणसाला ठामपणे सांगून मोकळा झालो होतो. मग पुढचे काही महिने जमेल तसं वाचत गेलो. हा लेख त्या वाचनाचा आहे. मुख्यतः एका जुन्या पुस्तकाचा, आणि त्याच्या नंतरच्या दोन पुस्तकांचा.

जुनं पुस्तक म्हणजे थॉमस विल्सन यांचं ‘द स्वस्तिक’. अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या १८९४ सालच्या अहवालात ते आलं. छापून बाहेर पडायला १८९६ उजाडलं. विल्सन पेशानं वकील, काही वर्षं फ्रान्स-बेल्जियममध्ये अमेरिकेचे कॉन्सल आणि नंतर या संग्रहालयाच्या प्रागैतिहासिक विभागाचे प्रमुख. अडीचशे पानं, पावणेचारशेच्या घरात आकृत्या. जगात जिथे जिथे हे चिन्ह सापडलं, त्या सगळ्याची नोंद करायची असा त्यांचा बेत होता. आज इंटरनेटवर स्वस्तिकाबद्दल जे काही ‘हे माहीत आहे का?’ छापाचं फिरतं, त्यातलं निम्मं या पुस्तकातून झिरपत आलेलं आहे. झिरपताना त्यातले ‘बहुधा’, ‘कदाचित’, ‘अमुक यांच्या मते’ तेवढे गाळले गेले.

वाचायला पुस्तक मजेचं आहे. (स्कॅन केलेल्या प्रतीत शोध घ्यायला गेलं की मजकुरातल्या प्रत्येक स्वस्तिकाच्या जागी संगणकानं काहीतरी अगम्य अक्षर वाचलेलं असतं, ती मजा वेगळीच.) विल्सन ढीग घालत जातात. ट्रॉयच्या चातीवरची चिन्हं, ग्रीक रांजण, स्कँडिनेव्हियातले दागिने, टेनेसीतल्या एका टेकाडातली शिंपल्याची पदकं, ओहायोतले तांब्याचे पत्रे. चिन्हाचं मूळ कुठलं ते सांगता येत नाही, असं ते प्रामाणिकपणे कबूलही करतात. पण पुस्तकाच्या उपशीर्षकात ‘स्थलांतरं’ हा शब्द आहे, आणि खरी मेख तिथे आहे. चिन्ह इथेही आहे आणि तिथेही आहे, म्हणजे ते कुणीतरी इथून तिथे नेलं असणार. मग अमेरिकेतल्या मूलनिवासींकडे ते आशियातून आलं असणार, आणि टेनेसीतल्याच दुसऱ्या एका टेकाडातल्या मांडी घातलेल्या आकृतीत त्यांना बुद्धही दिसू लागतो.

मला इथे विल्सन पटत नाहीत, आणि त्याचं कारण पुरातत्त्वाचं नसून टोपलीचं आहे. बांबूच्या किंवा गवताच्या पट्ट्यांची टोपली विणताना उभ्या-आडव्या पट्ट्या एकमेकींच्या वरून-खालून जातात. चार पट्ट्या एका चौकोनाभोवती फिरवल्या की मधे चार पायांचं, एकाच दिशेला वळलेलं चिन्ह आपोआप उमटतं. नव्वद अंशांत फिरवलं तरी तसंच दिसणारं, पण आरशात धरलं की उलटं होणारं. चौकटीच्या जाळीवर नक्षी काढणाऱ्या कुणालाही आज ना उद्या हा आकार सापडणारच. त्यासाठी कुणी समुद्र ओलांडून यायला नको. आमच्या धंद्यात दोन अगदी वेगळ्या फाइलींचा हॅश क्वचित एकच येतो. त्यावरून एक फाइल दुसरीची नक्कल आहे असं कुणी म्हणत नाही.

माझ्या मेसेजमधली ‘बारा हजार वर्षं’ ही युक्रेनमधल्या मेझिनहून येतात. तिथे मॅमथच्या हस्तिदंतात कोरलेली पक्ष्यासारखी एक छोटी मूर्ती सापडली. तिचं वय कुणी बारा हजार सांगतं, कुणी पंधरा. तिच्यावर अखंड वळत जाणारी, एकात एक गुंतलेली नागमोडी रेघ आहे, आणि त्या जाळीत पाहणाऱ्याला स्वस्तिक दिसतं. दिसतं हे खरं. पण कोरणाऱ्याला ते स्वस्तिक म्हणून अभिप्रेत होतं हे त्यावरून ठरत नाही. घराच्या जाळीदार भिंतीतही मला रोज दहा-बारा दिसतात.

समाराच्या वाडग्याची गोष्ट तर फारच बोलकी आहे. इराकमधल्या समारा इथे एर्न्स्ट हर्झफेल्ड यांनी १९११ ते १९१४ या काळात उत्खनन केलं. त्यात मातीचा एक सुंदर रंगवलेला वाडगा निघाला. कडेला गोल फिरणारे मासे, आत मासे पकडणारे चार पक्षी, आणि बरोबर मध्यभागी स्वस्तिक. आज तो बर्लिनमध्ये आहे आणि स्वस्तिकाच्या प्राचीनतेवरच्या प्रत्येक लेखात त्याचा फोटो असतो. फोटोखाली सहसा एक गोष्ट लिहिलेली नसते: वाडगा फुटलेल्या अवस्थेत मिळाला, काही तुकडे मिळालेच नाहीत, आणि मधलं ते स्वस्तिक जोडकाम करणाऱ्यांनी पुन्हा रचलेलं आहे. सगळी नक्षी गरगर फिरणारी आहे, तेव्हा मधे तसं चिन्ह असणं अशक्य नाही. पण जगातल्या सर्वात प्रसिद्ध प्राचीन स्वस्तिकांपैकी एक विसाव्या शतकातल्या दुरुस्तीच्या हातचं आहे हे कळल्यावर मी त्या रात्री बराच वेळ ते चित्र मोठं करून बघत बसलो. जिथे काही नव्हतं तिथे आपण काय भरतो?

सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवरची स्वस्तिकं मात्र निःसंशय आहेत. इसवी सनापूर्वी साधारण २६०० ते १९०० च्या काळातल्या छोट्या चौकोनी मुद्रा, त्यांवर दुसरं काही नाही, फक्त हे चिन्ह. उजवीकडे वळलेलं आणि डावीकडे वळलेलंही. त्याचा अर्थ काय हे आपल्याला वाचता येत नाही, कारण ती लिपीच वाचता आलेली नाही. ‘शुभ’ हा अर्थ आपण आपल्या देव्हाऱ्यातून उचलून तिथे ठेवतो.

उजवं-डावं हे प्रकरणही असंच. उजवं म्हणजे पुरुषतत्त्व आणि गणपती, डावं म्हणजे स्त्रीतत्त्व, काली, रात्र आणि अशुभ. आणि या डाव्याचं नाव ‘सौवस्तिक’. ही विभागणी एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय पुस्तकांत जॉर्ज बर्डवूड यांच्या नावावर फिरत असते. हे बर्डवूड जन्मानं बेळगावचे आणि मुंबईच्या संग्रहालयाचे, आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाचे, सुरुवातीच्या काळातले क्युरेटर. संस्कृतात ‘सौवस्तिक’ म्हणजे नुसतं ‘स्वस्तीशी संबंधित’. त्यात अशुभ काही नाही. बौद्ध परंपरेत तर चीन-जपानमध्ये डावीकडे वळलेलंच सर्रास वापरतात. जपानच्या नकाशांवर देवळाची खूण तीच आहे. २०१६ साली परदेशी पर्यटकांसाठी ती बदलावी असा प्रस्ताव आला तेव्हा तिथे बराच वाद झाला. नाझींनी ते ‘उलटं केलं’ हे तर साफ चूक आहे. त्यांचं उजवीकडेच वळतं, आपल्या उंबरठ्यावरच्यासारखं. तिरपं ते झेंड्यावर करत, पण सरळही वापरत. हिटलरच्या स्वतःच्या निशाणावरचं सरळ होतं. माझ्या पाचातलं एक विधान इथे पडलं.

आता नावाकडे येतो, कारण खरा घोळ नावाचा आहे.

हाइनरिश श्लीमान यांनी १८७१ पासून ट्रॉय खणायला घेतलं, आणि त्यांना हे चिन्ह कोरलेल्या मातीच्या चात्या शेकड्यांनी सापडल्या. त्यांनी संस्कृतच्या जाणकारांना पत्रं लिहिली. एमिल ब्युर्नूफ यांनी त्यात यज्ञाच्या अरणी पाहिल्या: दोन लाकडं एकमेकांवर आडवी, टोकांना खिळे. माक्स म्युलर यांनी मात्र एक शहाणपणाची सूचना केली, आणि ती श्लीमान यांच्या १८८० च्या ‘इलिऑस’ या ग्रंथात छापलेली आहे. भारताबाहेर सापडणाऱ्या या चिन्हाला स्वस्तिक म्हणू नका, कारण तो शब्द भारतातला आहे, त्याला इथला इतिहास आणि इथला अर्थ आहे. तो शब्द वापरलात की तो अर्थही सोबत येईल. प्रोग्रामर याला नेमस्पेस म्हणेल. विल्सन यांनी म्युलर यांचं हे म्हणणं दिलं आहे, त्याला मान डोलावली आहे, आणि पुढची दोनशे पानं सगळ्याच गोष्टींना स्वस्तिक म्हटलं आहे.

हे नुसतं पारिभाषिक आळसाचं प्रकरण असतं तर ठीक होतं. पण त्याच वर्षांत युरोपात दुसरंही काही शिजत होतं. मिखाएल झ्मिग्रोड्झकी नावाच्या पोलिश ग्रंथपालानं १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात तीनशेच्या वर स्वस्तिकांची चित्रं मांडली आणि १८९० साली जर्मनीतून एक निबंध छापला. विषय हा, की हे चिन्ह आर्यांची खूण आहे. निबंध जर्मन भाषेत आहे आणि त्याच्या शीर्षकात शब्द आहे ‘सुआस्तिका’. हाकेनक्रॉइत्स नव्हे.

या एका शीर्षकामुळे माझ्या मेसेजमधलं शेवटचं विधान डळमळलं. ‘तो आमचा स्वस्तिक नव्हताच, तो ख्रिस्ती क्रूस होता’ हा युक्तिवाद आज अमेरिकेतल्या हिंदू आणि बौद्ध मंडळींत फार लोकप्रिय आहे. त्याची सर्वात व्यवस्थित मांडणी टी. के. नाकागाकी या न्यूयॉर्कमधल्या जपानी बौद्ध धर्मगुरूंनी आपल्या २०१८ च्या पुस्तकात केली आहे. पुस्तक मनापासून लिहिलेलं आहे. बुद्धजयंतीला फुलांनी सजवलेलं हे चिन्ह अमेरिकेत मांडल्यावर भोवतालचे लोक कसे दचकले, त्या अनुभवातून ते आलं आहे. ज्यू वाचकाच्या वेदनेकडे त्यांनी पाठ फिरवलेली नाही, हे त्यांचं मोठेपण. आपल्याकडचे बहुतेक लेख तिथे नापास होतात. पण ‘हिटलरचा क्रूस वेगळा, भाषांतरकारांनी त्याला स्वस्तिक म्हणून घोळ केला’ हा त्यांचा मुख्य खांब मला पोकळ वाटतो. इंग्रजी वर्तमानपत्रं १९३३ च्या आसपास त्या झेंड्याला स्वस्तिकच म्हणत होती, कारण विल्सनसारख्यांच्या पुस्तकांमुळे तो शब्द या आकाराचं सर्वसाधारण नाव बनून गेला होता. आणि हिटलरनं ‘माइन काम्फ’मध्ये या चिन्हाचा अर्थ सांगितला आहे तो ख्रिस्ताशी जोडलेला नाही, आर्य माणसाच्या विजयाच्या झगड्याशी जोडलेला आहे. लहानपणी तो लांबाखच्या मठात जाई, तिथे तसं चिन्ह कोरलेलं आहे, हे खरं. पण ‘आर्य’ हा शब्द त्या मठाच्या भिंतीवर नव्हता. तो संस्कृतच्या अभ्यासातून निघाला, वंशाच्या कल्पनेत मुरला, श्लीमान यांच्या चात्यांना चिकटला आणि झ्मिग्रोड्झकी यांच्यासारख्यांच्या तक्त्यांतून व्हिएन्ना-म्युनिकच्या वांशिक मंडळ्यांपर्यंत गेला.

म्हणजे ते आपल्याशी अजिबात संबंध नसलेलं होतं असंही नाही, आणि त्यांनी ते आपल्या देवघरातून उचलून नेलं असंही नाही. त्यांनी उचलली ती पुस्तकांत तयार झालेली एक वस्तू: जगभरातल्या वेगवेगळ्या नक्ष्या एका संस्कृत नावाखाली गोळा केलेल्या, त्या नावामुळे ‘एकाच’ झालेल्या, आणि एकच आहेत म्हणून कुठल्यातरी एका प्राचीन वंशाच्या मालकीच्या मानलेल्या. ‘जगभर एकच चिन्ह, बारा हजार वर्षं, एकच अर्थ’ हे जे आपण आज त्यांच्या विरोधात अभिमानानं सांगतो, तेच त्यांचंही भांडवल होतं. हे लिहिताना मला बरं वाटत नाही. पण मी पाठवलेला मेसेज १९०० सालच्या एखाद्या जर्मन आर्यवाद्यानं आनंदानं सही करून दिला असता, निदान पहिली दोन वाक्यं तरी.

तिसरं पुस्तक स्टीव्हन हेलर यांचं, २००० सालचं. या चिन्हाचा उद्धार होऊ शकतो का, हा प्रश्न त्याच्या शीर्षकातच आहे. हेलर ग्राफिक डिझाइनचे समीक्षक आणि ज्यू. नाझींनी हे चिन्ह एखाद्या कंपनीच्या बोधचिन्हासारखं कसं घडवलं, लाल-पांढऱ्या-काळ्याचा हिशेब कसा केला, ते त्यांच्याइतकं स्वच्छ मी दुसरीकडे वाचलेलं नाही. त्या आधीच्या पंचवीस-तीस वर्षांत पश्चिमेत त्याची नुसती फॅशन होती: कार्ल्सबर्गच्या बाटल्या, कोका-कोलाची पदकं, किपलिंगच्या पुस्तकांवर हत्तीच्या जोडीला स्वस्तिक. (मुंबईत जन्मलेल्या किपलिंगनं नंतर ते काढून टाकायला लावलं.) कॅनडात ओंटारिओमध्ये एका गावाचं नाव स्वस्तिक आहे. युद्धात सरकारनं ते बदलून विन्स्टन करायचं ठरवलं तर गावकऱ्यांनी हटून जुनंच ठेवलं. हेलर यांचा निवाडा असा, की पश्चिमेपुरतं तरी हे चिन्ह परत मिळवता येणार नाही. तो मला मान्य आहे. खटकतं ते इतकंच, की आशिया त्यांच्याकडे प्रस्तावनेत येतो आणि तिथेच राहतो. जणू गोष्ट सुरू होण्याआधीचा काळ. जिथे ते आज सकाळीही काढलं गेलं, तिथे त्याला ‘पूर्वीचा अर्थ’ म्हणणं चमत्कारिक आहे.

या सगळ्या वाचनात माझ्या मनात सर्वात जास्त रुतून राहिला तो अमेरिकेतला एक दिवस, २८ फेब्रुवारी १९४०. अ‍ॅरिझोनातल्या टुसॉनमध्ये नावाहो, होपी, अपाची आणि पापागो (आज ते स्वतःला तोहोनो ओओदाम म्हणतात) या चार जमातींच्या प्रतिनिधींनी एका कागदावर सह्या केल्या. त्यांच्या पूर्वजांमध्ये मैत्रीचं मानलेलं हे चिन्ह दुसऱ्या लोकांनी विटाळलं आहे, तेव्हा यापुढे आपल्या घोंगड्यांवर, टोपल्यांवर, कलावस्तूंवर ते काढणार नाही, असा तो ठराव. नावाहोंकडे हे चिन्ह ‘गरगरणारे ओंडके’ म्हणून ओळखलं जाई; नदीतून प्रवास करणाऱ्या एका नायकाच्या कथेशी आणि बरं करण्याच्या विधींशी ते जोडलेलं होतं. त्यांच्याकडून ते कुणी चोरलं नव्हतं. बर्लिनला त्यांचा पत्ताही नव्हता. आणि तरी सोडावं लागलं त्यांना. अमेरिकन सैन्याच्या ४५व्या डिव्हिजननं त्याच सुमारास आपल्या खांद्यावरचं पिवळं स्वस्तिक काढून ‘थंडरबर्ड’ पक्षी लावला. ते सोपं होतं, बिल्लाच बदलायचा होता. पण विणणाऱ्या बाईच्या हाताला जी वळणं सवयीची, ती कागदावर सही करून कशी सोडतात?

आपल्यावर ही वेळ आली नाही, याचं कारण आपलं चिन्ह जास्त पवित्र हे नव्हे. आपण संख्येनं जास्त आहोत आणि बर्लिनपासून लांब आहोत. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यानं २०२२ साली नाझी चिन्हावर बंदी घातली तेव्हा हिंदू, बौद्ध, जैनांच्या वापराला कायद्यातच सूट दिली आणि बंदी घातलेल्या चिन्हाला हाकेनक्रॉइत्स म्हटलं. कायदा म्हणून ही व्यवस्था चांगलीच आहे. कायद्याला कामापुरतं वेगळं नाव लागतं. फक्त त्या सोयीचा इतिहास करू नये.

विल्सन यांची एक उणीव मात्र अजून कुणी भरून काढलेली मला दिसली नाही. इतक्या साऱ्या आकृत्यांमध्ये चिन्ह काढणारा हात कुठेच नाही. आपल्याकडे ते अंतरपाटावर कुंकवानं असतं, दिवाळीच्या वहीपूजनात पहिल्या पानावर असतं, नव्या गाडीच्या बॉनेटवर असतं. जैन मंदिरात ते तांदळानं मांडतात, चार भुजा म्हणजे चार गती: देव, मनुष्य, तिर्यंच, नरक. म्हणजे त्यातली एक भुजा चक्क नरकाची आहे. ‘सगळीकडे शुभच’ हेही पुरतं खरं नाही. जुन्नरच्या लेण्यांतल्या काही ब्राह्मी लेखांना ते जोडून येतं, आपण पत्राच्या वर ‘श्री’ घालतो तसं. माझी आजी चार भुजा काढून झाल्यावर चार ठिपके देते. वेद, पुरुषार्थ, दिशा असं काहीबाही मी वाचून तिला सांगितलं, तर म्हणाली, ‘असेल. न दिलेले बरे दिसत नाहीत.’

हे ठिपकेवालं स्वस्तिक संगणकावर टंकायचं तर देवनागरीच्या तक्त्यात ते नाही. युनिकोडमध्ये २००९ साली ते आलं तिबेटी लिपीच्या विभागात. बिनठिपक्यांची दोन आधीपासून चिनी अक्षरांत आहेत. २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टला आपल्या एका चिन्हांच्या फाँटमध्ये स्वस्तिक राहून गेल्याचं कळलं तेव्हा त्यांनी माफी मागून ते काढायची सोय दिली होती. आपल्या अक्षराशेजारी त्याला जागा मिळावी असं मला वाटतं का? दोन दिवस वाटलं. मग वाटलं, ते आपण टंकत नाहीच, काढतो.

चॅटमधला तो जुना मेसेज मी परवा शोधून दुरुस्त केला. बारा हजार वर्षं काढली, युक्रेन काढलं, चोरी आणि क्रूस दोन्ही काढले. आमच्याकडे हे पूजेत काढतात एवढं ठेवलं. आणि एक नवी ओळ घातली: हा शब्द पाणिनीच्या व्याकरणात येतो, म्हणजे इसवी सनापूर्वी चौथ्या-पाचव्या शतकाच्या आसपास, आणि तिथे तो गुरांच्या कानावरच्या खुणेचं नाव आहे. एक नियम सांगून त्याला जे अपवाद दिले आहेत, त्या यादीतला शेवटचा. त्या खुणेचा आकार पाणिनी सांगत नाही.

तिचं उत्तर लगेच आलं. गुरांच्या कानावर कशाला?

याचं उत्तर मला शोधावं लागलं नाही. गाय कुणाची ते कळावं म्हणून.